कडुनिंबाखालचा काळा भाग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. इतरांच्या खोटेपणावर मी पत्रकांतून पुष्कळ लिहिलं, कधी नावं घेऊनही. हे मात्र दर वेळी राहून गेलं. राहून गेलं? नाही. मी ठेवलं.

आधी फोटोबद्दल सांगते. बाबा भिलाई-३ ला रेल्वेत होते आणि त्यांना कॅमेऱ्याचा नाद होता. ते गेल्यावर निगेटिव्हचा डबा माझ्याकडे आला. त्यात नंदिनी गावच्या चुनखडी खाणीपुढची कामगारांची एक गेट-मीटिंग होती, माझ्या जन्माआधीची. उन्हात स्टुलावर चढून बोलणारा एक माणूस, त्याची वर गेलेली मूठ, आणि मागे कडुनिंबाच्या दाट सावलीत बायका. खाणीत गिट्टी फोडणाऱ्या. आमच्या बुद्धविहाराची जयंतीची पुस्तिका मी करत होते; तिचं मुखपृष्ठ हेच, असं मी ठरवून टाकलं.

स्कॅनरवर आधी कच्चं चित्र दिसतं. त्याखाली सरकवता येणाऱ्या दोन खुणा असतात, एक काळ्याची, एक पांढऱ्याची. काळ्याची खूण जितकी आत ओढाल, तितका सावलीतला भाग ठार काळा होतो. मग त्या स्कॅनमध्ये पुढे कितीही उजेड वाढवा, तिथून काही परत येत नाही. म्हणून खुणा टोकांना सैल ठेवायच्या. चित्र फिकं, मळकट आलं तरी चालतं. पुढचं काम नंतर करता येतं. हे मला माहीत होतं.

पण मी पत्रकांवर वाढले आहे. स्वस्त कागदावर करडा रंग म्हणजे चिखल, हे आमच्या घरात लहानपणीच कळतं. काळं ते काळं, पांढरं ते पांढरं. मी खूण आत ओढली. मूठ अशी उठून आली, की मीच खूश झाले.

जयंतीला विहारात पुस्तिका वाटली. टाळ्या झाल्या. रुआबांध्याची शांतामावशी पुस्तिका डोळ्यांजवळ धरून उभी होती. त्या खाणीत तिची उमर गेली होती.

"पोरी, यात मी कुठी गेली वं? मी झाडाखाली होती ना. माही बेबी कडेवर होती."

"चष्मा बदलव, मावशे!" मागून कुणीतरी ओरडलं. "म्हातारी हिरोइन बनून राहिली!"

सगळे हसले. मीही हसले का? बहुतेक हसले.

मावशी हसली नाही. "तुह्या बाबानंच काढला. म्हने, बेबीले इकडं पाहू दे." मग हळूच, "तिचा दुसरा फोटो नाही माय माह्यापाशी." फोटो काढला त्याच वर्षी बेबी तापानं गेली होती, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत होतं.

फिल्मची पट्टी घरी कपाटात होती. 'मावशी, मी पुन्हा स्कॅन करते', एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "फिल्ममध्येच काही नाही, मावशी. तिथं अंधारच आहे."

का? टाळ्या अजून कानात होत्या म्हणून? कारणं मला पुष्कळ सुचतात—लिहिणारीला सुचतातच. ती इथे लिहीत नाही.

"असन मंग," ती म्हणाली. "मलेच भास झाला असन."

त्याआधी ती भेटेल त्याला त्या फोटोचं सांगायची. त्यानंतर थांबली. एकदा तिच्या घरी नातीनं माझ्यासमोरच विचारलं, तर म्हणाली, "नाही माय, मी तवा मांगं राहिली असन." मी चहा पीत होते. चहा संपवला.

त्याच वर्षी मी एक पत्रक लिहिलं. इतिहासानं अंधारात ढकललेल्या बायकांवर. मावशीनं ते नातीकडून वाचून घेतलं आणि मला बोलावून माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत मी बोलले, चांगलं बोलले. घरी येऊन पट्टी पुन्हा स्कॅनरवर ठेवली. दोन्ही खुणा टोकांना. चित्र राखेसारखं आलं. मग सावली हळूहळू उजळत नेली.

मला धक्का बसला, असं समजू नका. इतका वेळ मी ज्याच्याभोवती फिरते आहे, ते हेच आहे. पहिल्या वेळीही, खूण ओढण्याआधी, कच्च्या चित्रात झाडाखाली एक बाई दिसली होती. कडेवर लेकरू. कोण, ते ओळखलं नव्हतं—पण कुणीतरी आहे, हे दिसलं होतं. मागची गर्दी गेली तर मूठ उठून येईल, एवढाच विचार मी केला. आणि मावशीनं विहारात विचारलं, तेव्हा मला ती बाई आठवली होती. तिथेच, तेव्हाच.

शांतामावशी झाडाखाली होती. बेबी तिच्या कडेवर होती, आणि इकडेच पाहत होती.