केळघर घाटात तिसऱ्यांदा गेलेला ब्रेक

"ब्रेक दाबला की गाडी आजून जोरात पळती," असं सांगत बिराआबा तिसऱ्यांदा माझ्या मेढ्याच्या गॅरेजात शिरले. मागोमाग त्यांचा मुलगा तानाजी. हा सांगलीत मोटरसायकलच्या शोरूममध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर. शर्टाची इस्त्री इतकी कडक, की कॉलरवर कांदा चिरावा.

"मिस्त्री, आता बास," तानाजी म्हणाला. "पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा मागचा ब्रेक फेल. रविवारी ही गाडी एक्स्चेंजला घालतो आणि आबांना डिस्क ब्रेकवाली देतो."

"मला नगं," आबा म्हणाले. "हिच्यावर मेंढरं गप बसत्यात. तुझ्या नव्या गाडीला मागं कॅरिअर तरी हाय का?"

आबा आटपाडीकडचे मेंढपाळ. तिकडचा चारा संपला की कळप घेऊन आमच्या जावळीच्या डोंगरात येतात. कळप पायी चालतो. आजारी कोकरू, दळण आणि पाण्याचे कॅन या मोटरसायकलवर. गाडी तानाजीच्याच वयाची. इथं किक मारली की पाचगणीच्या शाळेतली पोरं जागी होतात. मी सहसा वाढवून सांगत नाही.

गाडी गेली तर आबांचा अर्धा संसार पायी येणार होता. आणि माझ्या हातची गाडी हा इस्त्रीवाला माझ्यासमोर भंगारात काढणार होता. डोकं फिरलं.

"रविवारपर्यंत तिला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "ब्रेक लागला नाही तर गॅरेजचा बोर्ड मी स्वतः उतरवीन आणि तुझ्या शोरूममध्ये गाड्या पुसायला येईन."

"बोर्ड पत्र्याचा हाय न्हवं?" आबांनी विचारलं. "माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला हुईल."

आता ज्यांना गाडी फक्त चालवता येते त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या गाडीच्या मागच्या चाकात एक पोकळ डबा असतो, तो ड्रम. आत अर्धचंद्रासारखे दोन तुकडे, ते ब्रेक शू. शूवर खरखरीत पट्टी असते, तिला लायनर म्हणतात. पॅडल दाबलं की शू फाकतात, लायनर ड्रमला घासतो आणि चाक थांबतं. सगळा खेळ खरखरीतपणाचा.

पहिल्या वेळी मी पॅडलचा रॉड टाइट केला होता. दुसऱ्या वेळी नवे शू टाकले. दोन्ही वेळा बाजारपेठेत ट्रायल घेतली तेव्हा गाडी अशी थांबली, की माझा चष्मा पुढच्या दुकानात गेला. पण केळघर घाट उतरताना ब्रेक पुन्हा गायब. म्हणजे थंड असताना लागतो, तापला की जातो. हे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. कळलं नाही. पुढं चला.

चाक खोललं. पंधरवड्यात घातलेले लायनर आरशासारखे चकचकीत. त्यावर काहीतरी चिकट. बेअरिंगचं ग्रीस आत उतरलं असेल म्हणून बघितलं, तर बेअरिंग कोरडं ठणठणीत. बोटावर घेऊन वास घेतला. ग्रीसचा नव्हता. डोळे मिटले असते तर मी मेंढवाड्यात उभा आहे असं वाटलं असतं.

"आबा, ह्या चाकात काय घातलंय?"

"काय न्हाई. लोकर."

तानाजीनं कपाळाला हात लावला. आबांनी कमरेची गाठ सोडून लोकरीचा जाडजूड पीळ काढला. "आटपाडीच्या धुळीनं ब्रेक लय किंचाळायचा. त्या आवाजानं मेंढरं बिथरायची. गाभण मेंढी पळाली तर पोट पडतंय. म्हनून ड्रमच्या फटीत ही दाबून बसवली. आवाज बंद."

"मग मी खोलतो तेव्हा कुठं असते?"

"आवं, तुमच्याकडं आणायची तर लोकर काढूनच आणावी न्हवं? डाक्टरकडं चिखलाच्या पायानं जातंय का कोन?"

तर असं होतं. नुकत्या कातरलेल्या लोकरीत मेंढीच्या अंगाचं तेल असतं. सपाटीवर ते थिजलेलं राहतं. घाटात ड्रम तापला की पातळ होऊन लायनरवर पसरतं. मग आवाजही बंद आणि ब्रेकही बंद. आबा डॉक्टरकडं स्वच्छ येत होते आणि मी दोनदा निरोगी पेशंटला औषध देत होतो.

"मिस्त्री, गाडी आमच्या शोरूमला आणली असती तर हे आधीच कळलं असतं," तानाजी म्हणाला.

"तुझ्याकडं चाक खोललंच नसतं. गाडीच बदलली असती."

तेल प्यालेले शू फेकले. ड्रम पेट्रोलनं धुतला, पॉलिश पेपरनं घासला. नव्या लायनरच्या कडा कानशीनं तिरक्या केल्या. कड बोचली नाही की ब्रेक किंचाळत नाही. हे काम पहिल्या दिवशी केलं असतं तर आबांना लोकर परत घालावीच लागली नसती. तेही पुढं चला.

रविवारी घाटमाथ्यावर गेलो. आबा चालवायला, मागं मी, आणि माझ्या मांडीवर एक मेंढा, ज्याचं वजन मी दोन क्विंटल सांगतो आणि आबा तीस किलो. तानाजी मागून नव्या गाडीवर. आबांना सांगितलं, पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही. सगळा घाट मागच्या ब्रेकवर उतरलो. ड्रमवर भाकरी भाजली असती. खाली वळणावर आबांचाच कळप रस्ताभर बसलेला. आबांनी पॅडल दाबलं. गाडी पहिल्या मेंढीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. एकाही मेंढीनं मान वर केली नाही.

"एक्स्चेंज करायचं काय रं?" आबांनी मागं वळून विचारलं. "तुझी दे मग. दळण आणायला बघतो चालती का."

तानाजी त्याच्या गाडीवरून उतरला. वाकून ड्रमला बोट लावलं आणि चटका बसल्यावर तोंडात घातलं.

शोरूमच्या सर्व्हिस कार्डावर तपासणीचे ढीगभर रकाने असतात. मालकानं स्वतः काय दुरुस्त केलंय, हा रकाना नसतो. मी आता पहिला प्रश्न तोच विचारतो. बोर्ड अजून जागेवर आहे. आबा येता-जाता त्याच्याकडं बघतात. खुराड्याला अजून पत्रा मिळालेला नाही.