मैदान नेमकं कोणी आखलं?

पनवेलला पोलीस अधिकारी असतानाची ती चौकशी मी अजून विसरलेलो नाही. एक्सप्रेसवे होऊन काही वर्षं झाली होती आणि कोन गावाच्या बाजूला नव्या वसाहती उठत होत्या. त्यातल्या एकीची जाहिरात होती, की तिथलं गोल्फचं मैदान एका जगप्रसिद्ध परदेशी खेळाडूने आखलं आहे.

आखातात नोकरी करून परतलेले गावातले एक चाचा फसवणुकीचा तक्रार अर्ज घेऊन ठाण्यात आले. त्या खेळाडूला त्यांनी तिकडे एका स्पर्धेत प्रेक्षकांच्या दोरीपलीकडून खेळताना पाहिलं होतं. जाहिरातीत त्याचं नाव वाचून त्यांनी इथे घर घेतलं आणि आता मैदानाचा रखवालदार सांगत होता, तो माणूस इथे फिरकलाच नाही.

"घराचं जाऊ द्या, साहेब," चाचा म्हणाले. "मी सगळ्यांना अभिमानाने सांगत होतो, हे त्याच्या हातचं आहे."

रखवालदार कोनचाच. त्याला बोलावलं. म्हणाला, "खेळारी-बिळारी कोनी नाय आला. एक बाय येते. ती सांगते तशी माती टाकतात."

मग त्या बाईंना बोलावून महिला हवालदारासमोर जबाब घेतला. चारशे वीस लागलं असतं तर त्याही अडकल्या असत्या, पण त्या शांत होत्या. मैदान आपणच आखलं, असं त्यांनी सरळ सांगितलं. नाव मोठ्या खेळाडूचं आणि नकाशे दुसऱ्याचे, असं या धंद्यात सर्रास चालतं. कोणी खेळाडू पुन्हा पुन्हा येतो, कोणी फक्त फोटोपुरता. हे गृहस्थ एकदाच आले होते, मे महिन्यात. छत्री नाकारून सगळं मैदान पायी फिरले. शेवटच्या भोकाभोवतीच्या हिरवळीचा उतार बघायला मातीत पालथे झोपले आणि ती हिरवळ तळ्याकडे वळवायला लावली.

"तेवढं त्यांचं," त्या म्हणाल्या. "मला ते सुचलं नसतं."

पण याला पुरावा काय? रखवालदाराला पुन्हा आत घेतलं. या वेळी खेळाडूचं नावच काढलं नाही. मातीत कोणी झोपलेलं पाहिलंस का, एवढंच विचारलं.

तो हसला. "तो गोरा म्हातारा? मला वाटला, ऊन लागला. मीच पानी पाजला त्याला."

बाजूलाच बसलेल्या चाचांनी तोंडाला रुमाल लावला. हसत होते की रडत, कळलं नाही. थोड्या वेळाने बाईंकडे वळून म्हणाले, "बेटी, बाकीचं मैदान मला दाखवशील?"

दोघं एकाच रिक्षाने गेली. अर्ज चाचांनी मागे घेतला. पण वसाहतीच्या ऑफिसात ठाण मांडून त्यांनी फाटकावरच्या फलकावर बाईंचंही नाव घालून घेतलं.

गुन्हा उघडकीला आला की पेपरात अधिकाऱ्याचं नाव छापून येतं, पायपीट हवालदाराची असते. त्यानंतर पत्रकार आले की मी हवालदाराला शेजारी खुर्ची द्यायला लागलो. आणि पहिलं नाव त्याचं सांगायला.