डावी ताटली, उजवी ताटली

माझ्या धाकट्या दिरांनी चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. वाण्याकडचे, सोनाराकडचे, दवाखान्यातले. जिथे म्हणून काही तोललं जातं तिथे भाऊजींचा हात फिरलेला. त्यामुळे त्यांना खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. सगळे ‘काटेवाले’ म्हणतात, आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या नणंदबाई, सरळ ‘काट्या’ म्हणतात. लग्नाचा काटा मात्र त्यांचा कधी मध्यावर आला नाही. ते आमच्या मागच्या खोलीत राहतात आणि त्यांच्या खोलीबाहेरच्या ओट्यावर त्यांची फटफटी राहते. दोघांत जास्त लाड कोणाचे, हे देवालाच ठाऊक.

फटफटी विलायती, साठ वर्षांपूर्वीची. दोन सिलिंडर, आणि दोघांना वेगवेगळा कार्ब्युरेटर. मला त्यातलं काही कळत नव्हतं. भाऊजींनीच एकदा माझ्यासोबत भाजी निवडता निवडता समजावलं. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाचं स्वयंपाकघर. पेट्रोल आणि हवा तिथे मिसळतात. प्रमाण चुकलं की इंजिन खोकतं नाहीतर अडखळतं. या फटफटीला दोन स्वयंपाकघरं आहेत, आणि दोन्हीकडे चव एकच यायला हवी. मी म्हटलं, एका घरात दोन सुगरणी असल्या की काय होतं ते मला नका सांगू.

नणंदबाई तरुणपणी शाळेत शिकवायच्या. रोज सकाळी भाऊजी त्यांना मागे बसवून सोडायला जायचे. वाटेत रेल्वेचं फाटक. फाटक बंद असलं की फटफटी उभी करावी लागे, आणि उभी राहिली की ती हमखास गचके खाऊन बंद पडे. मग नणंदबाईंनी उतरायचं, पदर खोचायचा आणि धक्का मारायचा. अशी बावीस वर्षं. काळ्या हातांनी फळ्यावर लिहिताना खडूसुद्धा काळा व्हायचा, असं त्या सांगतात.

आता चौऱ्याहत्तरीला त्या लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्या. रविवारी सकाळची गाडी होती. पंधरा दिवस आधी आमच्याकडे येऊन त्यांनी जाहीर केलं की सामान मोटारीतून जाईल, पण मी स्टेशनवर काट्याच्या फटफटीवरूनच जाणार.

“आणि हे बघ, फाटकाशी मला उतरवलंस तर तशीच चालत घरी जाईन आणि लेकीला कळवीन की मामाने येऊ दिलं नाही.”

भाऊजी म्हणाले, या खेपेला तुझा पायसुद्धा जमिनीला लागणार नाही. बोलून गेले खरे, पण त्यानंतर त्यांचं जेवणात लक्ष लागेना. फटफटी धावताना बरी धावे, पण उभी राहिली की तोच जुना दमा.

त्यांनी दोन्ही कार्ब्युरेटर उतरवून सगळे भाग सुटे केले. डावीकडचे स्टीलच्या ताटलीत, उजवीकडचे टवका उडालेल्या पांढऱ्या ताटलीत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यासारखी शिस्त. मंगळवारी ते बाजारात पातळ वॉशर आणायला गेले आणि मी ओटा झाडायला गेले. ताटल्यांत इतकी काळी राड, की माझे हात शिवशिवले. दोन्ही ताटल्या मोरीत नेल्या, सगळं एकत्र साबणाच्या पाण्यात भिजवलं, जुन्या ब्रशने घासलं, पंच्यावर वाळवलं. मग प्रत्येक जोडीतला एक इकडे, एक तिकडे, असं दोन्ही ताटल्यांत सारखं वाटून ठेवलं. कोणावर अन्याय नको. भाऊजी आले ते बघतच राहिले. म्हणाले, वहिनी, दागिने केलेत हो. मला दिवसभर गोड वाटत राहिलं.

बुधवारपासून मात्र घराची शांतता गेली. मी सकाळी देवापुढे बसले की मागून सुरू व्हायचं. किक, फट, फट, एक खोकला, आणि गप्प. भाऊजींनी गिटारच्या तारेने जेटची, म्हणजे पेट्रोल आत सोडणाऱ्या बारक्या नळ्यांची, भोकं साफ केली. दोन्ही केबली अशा ताणल्या की दोन्हीकडची स्लाइड एकाच क्षणी उचलावी. स्लाइड म्हणजे बाटलीच्या बुचाएवढा, वरखाली सरकून हवेची वाट उघडणारा तुकडा. हवेचा स्क्रू दीड वेढा बाहेर, मग पावणेदोन, मग सव्वा. स्क्रू कितीही फिरवा, इंजिनाला त्याचं सोयरसुतक नाही. आणि कार्ब्युरेटरच्या पोटात खडखड, पूर्वी कधी नव्हती अशी. मी आजवर देवाकडे माणसांसाठीच मागत आले. गुरुवारी पहिल्यांदा यंत्रासाठी मागितलं.

शुक्रवारी नणंदबाई डोकावल्या. भाऊजी स्टुलावर बसले होते, हात मांडीवर टाकून. गुंजभर फरक बोटाने ओळखणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवेना. म्हणाले, “ताई, माझे कान गेले असतील गं. नाहीतर हात. तू मोटारीनेच जा.”

नणंदबाई थट्टा करायच्याच तयारीने आल्या होत्या, त्यांनी ती गिळली. एवढंच विचारलं की, कोणाकडून दुसरी स्लाइड मागून आणता येणार नाही का. भाऊजींनी मान हलवली. साठ वर्षं एकाच घरात वरखाली करून स्लाइड त्या घराला साजेशी झिजते, घरही तिला साजेसं झिजतं. जुनं जोडपं असतं ते. एकीला दुसऱ्याच्या घरात घातलं की खडखडाट. कडेने हवा आत शिरते आणि सगळं बिनसतं.

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

आत जाऊन रोजची वही उघडली. सोमवार: ‘फटफटी आज खोकली, पण भाऊजी म्हणतात उद्या साफ केली की पुरे.’ मंगळवार: ‘भाऊजींच्या सुट्या भागांना घासून लख्ख केलं. दोन्ही ताटल्यांत सारखे वाटले. सत्कर्म झाले.’

शनिवारी पहाटे जपाला बसले, पण माळ पुढे सरकेना. तशीच उठले, वही घेऊन ओट्यावर गेले आणि मंगळवारचं पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मग हसायला लागले ते इतके, की डोळ्यांतून पाणी आलं.

“तीन दिवस मी माझ्या कानांना शिव्या घालतोय, वहिनी. आणि तुम्ही दोघींचे नवरे बदलून ठेवलेत.”

मी म्हटलं, भाऊजी, पहाटे पहाटे असं काही बोलू नका. पण मलाही हसू आवरेना.

अर्ध्या तासात दोन्ही स्लाइडी आपापल्या घरी गेल्या. त्यांनी बोटाने वरखाली करून पाहिल्या, खडखड नाही. मग एका सिलिंडरची प्लगची वायर काढून दुसरा एकटा चालवला, त्याची संथ चाल लावली, मग पहिल्याची. शेवटी दोन्ही जोडून स्क्रू इतका हळू सोडत गेले, की मीच श्वास रोखला. त्यांनी रबरी नळीचं एक टोक माझ्या कानाला लावलं आणि दुसरं आधी डाव्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं, मग उजव्याच्या. दोन्हीकडे तोच एक श्वास. शेजारी शेजारी झोपलेली जुळी मुलं असतात ना, तसा.

रविवारी आम्ही दोघं नवराबायको सामानाच्या मोटारीत होतो. पुढे फटफटी, मागे बसलेल्या नणंदबाईंचा पदर खोचलेला. फाटक बंदच मिळालं. मालगाडी होती, डबे संपता संपेनात. माझी माळ पर्समध्ये होती, ती हातात घेतली. पण फटफटी शांत उभी, टुक टुक, टुक टुक. भाऊजी डोळे मिटून ऐकत होते. आमचे हे हळूच म्हणाले, झोपला की काय हा.

फाटक उघडलं. भाऊजींनी गिअर टाकला आणि ऐटीत निघाले. आणि बघते तर नणंदबाई रस्त्यावर उभ्या, दोन्ही हात पुढे, धक्का मारायच्या पवित्र्यात. बावीस वर्षांची सवय. मालगाडी संपत आली तशा त्या न सांगता मुकाट्याने उतरल्या होत्या, आणि भाऊजींना इंजिनापुढे बाकी कशाचं भानच नव्हतं. रूळ ओलांडून बरेच पुढे गेल्यावर त्यांनी मागे वळून काहीतरी विचारलं असावं. उत्तर आलं नाही, तेव्हा थांबले.

वळून परत आले. मागे मोटारींची रांग, भोंगे वाजताहेत. फटफटी मात्र जराही न अडखळता उभी. नणंदबाईंचे हात अजून तसेच पुढे, स्वच्छ. त्या हसत होत्या.

“पाय जमिनीला लागणार नाही म्हणाला होतास,” शेवटी त्या म्हणाल्या.

“मी कुठे उतरवलं? तू उतरलीस.”

मग त्या बसल्या, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून. आणि स्टेशन येईपर्यंत तो हात त्यांनी काढला नाही.