शेजाऱ्याच्या फळ्या

बर्लिनमध्ये वोनुंग, म्हणजे भाड्याचं घर, शोधून शोधून मेटाकुटीला आले, तेव्हा मी एक जुनी फायबरची बोट घेतली आणि कालव्यातच राहायला लागले. पहिल्या हिवाळ्यात कळलं, की पातळ बर्फ फायबरला करवतीसारखा कापतो. जिथे पाणी गोठू देत नाहीत असं बंदर तीन तासांवर होतं. तिथे पोचायचं, नाहीतर राहतं घर बुडायचं. आणि मी आपली उद्या जाऊ, उद्या जाऊ करत बसलेली.

कालवा गोठला त्या सकाळी शेजारच्या लोखंडी बोटीवरचा म्हातारा आला. हा तोच, माझ्या फोडणीच्या वासाबद्दल दारावर चिठ्ठ्या चिकटवणारा. म्हणाला, आजच निघा, मी पुढे बर्फ फोडत जातो, तुम्ही मागून या. मला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. याला माझी जागा हवी असणार. आईला फोन केला तर तीही म्हणाली, "उगाच कोण कुणासाठी एवढं करतं गं?"

त्याने माझ्या बोटीला पुढून दोन्ही बाजूंनी लांब फळ्या बांधल्या, अगदी पाण्याच्या पातळीला. मी इंजिनिअर, सगळ्या गाठी दोनदा ओढून बघितल्या. खोट काही सापडेना, त्याचाच राग आला.

निघालो. बर्फ कडाकडा मोडत होता, तुकडे फळ्यांवर घासत होते. मेला एकदाही मागे बघेना. एका पुलापाशी तो अचानक काठाकडे वळला. इथेच घात करणार हा, म्हणून मी इंजिन मंद केलं. तेवढ्यात आमच्या दोन बोटींमधली फोडलेली वाट तुकड्यांनी भरायला लागली.

"थांबू नका," तो ओरडला, "थांबलात की अडकलात!"

मी झक मारत त्याच्या मागे गेले. पुढे गेल्यावर दिसलं, कालव्याच्या मधोमध एक ओंडका बर्फात रुतला होता.

बंदरात पोचल्याबरोबर मी ओणवी होऊन बोटीवरून हात फिरवला, पुढून मागून, दोन्ही बाजूंनी. मग फळ्या सोडल्या. त्यांच्या पार ढलप्या निघाल्या होत्या. त्या परत द्यायला मी पहिल्यांदाच त्याच्या बोटीत शिरले. आत पलंगाची नुसती चौकट उभी होती आणि गादी खाली जमिनीवर अंथरलेली.

"या पलंगाच्या होत्या?"

"गेनाऊ, त्याच्याच," तो म्हणाला. "तुमच्या बोटीला कुठे ओरखडा नाही ना आला?"

नाही, म्हटलं. त्याच्यावर ठपका ठेवायला मी मघाशी ओरखडाच तर शोधत होते. मला फार लाज वाटली.