आधी पंखा बघ

मी ॲडमिशन मागायला गेले होते. मॅडमनी माझ्या हातात कापडाचा तागा ठेवला.

हिरवा तागा. पडद्याचं जाड कापड. विद्यापीठाची कमिटी येणार होती आणि कॉलेजच्या हॉलच्या खिडक्या उघड्याबोडक्या होत्या. माझी बारावीची गुणपत्रिका मॅडमच्या टेबलावर पडली होती. त्यांनी ती वरून खाली वाचत आणली, एका ओळीवर बोट थांबवलं आणि मान वर केली.

"किमानवाली आहेस होय. शिवणकाम?"

"हो मॅडम."

"मग बी.ए. कशाला गं तुला? हातात कला आहे तुझ्या."

किमान कौशल्य म्हणजे अकरावी-बारावीच. तेच बोर्ड, तोच शिक्का. फक्त आम्ही पुस्तकांबरोबर धंद्याचंही शिकायचो. मी कपडे शिवायला शिकले. आमच्या वर्गातून मशिनींचा आवाज सुरू झाला की शेजारचे सायन्सचे सर येऊन आमचंच दार बाहेरून ओढून घ्यायचे. ज्यांना काही जमत नाही ती पोरं तिकडं जातात, असा सगळ्या गावाचा पक्का समज. मला सगळं जमत होतं. आई दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जायची आणि घरात अजून एक कमावतं माणूस लागत होतं, म्हणून मी तिकडं गेले. पण मला पुढंही शिकायचं होतं. कमावणं आणि शिकणं, दोन्ही एकाच पोरीला हवं असू शकतं, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "एवढे पडदे शिवून आण. मी प्राचार्यांशी बोलते तुझ्यासाठी."

मी आणले शिवून. आईनं पायमशीन उजेडासाठी दाराशी ओढून दिलं. दुसऱ्या कुणाचं कापड त्या दिवसांत घेतलं नाही. पडदे लावले तेव्हा मॅडम दोन पावलं मागं सरकल्या आणि म्हणाल्या, "चुण्या काय सुरेख पडल्यात."

मी विचारलं, "मॅडम, माझ्या ॲडमिशनचं?"

"अगं, यादी कालच बंद झाली. पुढच्या वर्षी ये. नक्की करू."

मी "बरं मॅडम" म्हणाले आणि स्टुलावरून उतरले. हो, मी अजून स्टुलावरच होते. शेवटचा पडदा अडकवत होते.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. लोहाऱ्यात माझं शिलाईचं दुकान आहे. मी कामाची बाई आहे, रडत बसणारी नाही. दुकानात एक फळा आहे. कुणाचा ब्लाऊज, कोणत्या वारी द्यायचा, कुणाला फॉल-पिको, सगळं खडूनं लिहिते. काम झालं की पुसते. पडद्याची गोष्ट मी फळ्यावर कधी लिहिली नव्हती. म्हणून ती पुसलीही गेली नाही.

माझी मुलगी कोमल. दहावीनंतर तिनं स्वतःहून आयटीआयला इलेक्ट्रिशियन घेतलं. मी म्हटलं, शिवण घे, घरात मशीन आहे. ती म्हणाली, "मला सुई नको, मीटर पाहिजे." दोन वर्षं केली. सोबत बोर्डाचे दोन भाषांचे पेपर दिले, म्हणजे बारावीची समकक्षता मिळते. मिळाली. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, मला अर्थशास्त्र शिकायचंय."

तिचा बाप जीप चालवतो. तो हसला. "वायरमनला अर्थशास्त्र?"

"लाइट कशी येती ते मला कळलं, पप्पा. शेतीला रात्रीच का आणि कारखान्याला दिवसा का, ते कोण ठरवतं? ते शिकायचंय."

  एवढा नीट प्रश्न आमच्या घरात आधी कुणी विचारला नव्हता.

अर्थशास्त्राची बी.ए. आसपास फक्त पडद्यांच्या त्या कॉलेजातच होती. कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. आपल्या भागात राहणाऱ्याला ते लिहायची गरज नाही, असं एक कॉलेज प्रत्येकाच्या गावाजवळ असतंच. मी फाइल लावली. मूळ कागद वर, झेरॉक्स खाली, विद्यापीठाच्या नियमाचं पान सगळ्यात वर. नियमात साफ लिहिलं होतं की असे विद्यार्थी कला शाखेला पात्र आहेत. सकाळची एसटी पकडून दोघी गेलो.

हॉल तोच. पडदे नवे होते. माझे केव्हाच फरशी पुसायला गेले असतील.

प्रवेश समितीचे सर टेबलामागं घाम पुसत बसले होते. डोक्यावरचा पंखा बंद. त्यांनी फाइल उघडली, वरचं पान न वाचता उलटलं आणि आयटीआयच्या प्रमाणपत्रावर थांबले. बोट थांबवायची तीच रीत.

"हे बारावी नाही."

"समकक्ष आहे सर. पुढचं पान बघा."

"समकक्ष आहे हो. पण बारावीची बारावी ती बारावीच. आमच्याकडं रेग्युलर पोरं रांगेत उभी आहेत. आधी त्यांचं होऊ द्या, जागा उरली तर बघू."

"नियमात तसं लिहिलेलं नाही सर."

"बाई, नियम आम्हाला शिकवू नका. पोरीला हाताचं काम येतंय. दोन पैसे मिळवील. उगं तीन वर्षं कशाला घालवता?"

शेजारच्या टेबलावरचे दुसरे सर हसत म्हणाले, "पुढं पाना धरायचाय, त्याला अर्थशास्त्र कशाला?"

रांगेतली पोरंही हसली. कोमल खाली बघत होती. तिच्या मानेवर घाम होता.

तेवढ्यात शिपाई आला. म्हणाला, वायरमनचा फोन लागत नाही. सरांनी वर पंख्याकडं पाहिलं, मग कोमलकडं. चेहरा एकदम बदलला. गोड झाला.

"इलेक्ट्रिशियन ना तू? आधी हा पंखा बघ बरं. मग तुझ्या ॲडमिशनचं काय ते बघू."

शिपायानं स्टूल आणून ठेवलं.

कोमलनं पर्समधून टेस्टर काढला. तो तिच्या पर्समध्ये कायम असतो, पेनासारखा. तिनं शिपायाला मेन स्विच कुठं आहे ते विचारलं, बंद करून यायला सांगितलं आणि स्टुलावर चढली. तिच्या डोळ्यांत आशा होती. ती मला ओळखू आली. तीच आशा घेऊन मी दाराशी मशीनवर बसले होते.

सर दुसऱ्या सरांना म्हणाले, "बघा, याला म्हणतात शिक्षण. देशाला अशा पोरी पाहिजेत."

चुण्या काय सुरेख पडल्यात.

मी स्टुलाजवळ गेले. 

"कोमल, उतर."

"आई, पाच मिन्टाचं काम हाय."

"उतर म्हणते ना."

ती उतरली.  सर म्हणाले, "अहो, तिचंच काम आहे ते."

"तिचं काम आहे हे तुम्हाला कशावरून कळलं सर?"

"आयटीआय झालंय ना तिचं."

"ज्या कागदावर ती पंख्यापर्यंत चढू शकते, त्याच कागदावर बाकड्यावर बसू शकत नाही का?"

"दोन्ही वेगळं असतंय."

"तुमच्यासाठी. कागद एकच आहे."

"विद्यापीठाला विचारावं लागेल," ते फाइल माझ्याकडं सरकवत म्हणाले. आता आवाज पुन्हा कोरडा.

"विचारा. तोवर अर्ज आवकला घ्या, शिक्का द्या. नाकारायचा असेल तर कारण अर्जावर लिहा आणि खाली सही करा."

त्यांनी कारण लिहिलं नाही. सहीही केली नाही. तोंडानं हाकलून द्यायला सही लागत नाही, म्हणून तर ही माणसं सगळं तोंडानंच करतात. मी फाइल उचलली नाही. रांग मागं खोळंबली, पोरं कुरकुरायला लागली. शेवटी कारकुनानं वैतागून शिक्का मारला आणि आमची पोच माझ्याकडं भिरकावली. मी ती खालून उचलली नाही. म्हणाले, "हातात द्या." त्यानं दिली.

पंखा बंदच होता.

स्टँडवर कोमल माझ्यापासून लांब उभी राहिली. एसटी सुटायच्या आधी म्हणाली, "पंखा करून दिला असता तर आज ॲडमिशनची पावती हातात असती."

असती कदाचित. मी तिला खोटं सांगितलं नाही. पडद्यांची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच सांगत होते, घरात कुणालाच माहीत नव्हती. तिनं मध्येच विचारलं, "शिलाई तरी दिली का त्यांनी?"

"नाही."

"तू मागितली न्हाय?"

"नाही."

तिनं पोच घडी करून पर्समध्ये टेस्टरशेजारी ठेवली. मग म्हणाली, "त्यांनी विद्यापीठाला विचारलंच न्हाय तर?"

"मी विचारते."

विचारलं. उत्तर अजून आलेलं नाही. सर म्हणतात, आमच्याकडंही आलेलं नाही. जागा भरत चालल्या आहेत. कोमलला या वर्षी बाकडं मिळेल की नाही, मला माहीत नाही. दुकानात बायका सांगतात, पोरीचं नुकसान करून घेतलंस, जरा नमतं घ्यायचं. मी टाके घालत ऐकून घेते. मी नमतं घेतलं होतं. त्यात हॉलभर पडदे गेले आणि एक जागा मिळाली नाही.

आता फळ्यावर सगळ्यात वर एक ओळ आहे. सोमवार, कॉलेज. ती पुसायची नाही. दर सोमवारी दुपारपर्यंत दुकान बंद राहील. मी त्या टेबलासमोर उभी राहणार आणि एकच गोष्ट मागणार. प्रवेश द्या, नाहीतर कारण लिहून द्या. ज्यांचं किमान झालंय, आयटीआय झालंय आणि ज्यांना पुढं शिकायचंय, त्या पोरींनी माझ्याबरोबर यावं. परंड्याच्या असोत, कळंबच्या असोत. मूळ कागद वर, झेरॉक्स खाली.

टेस्टर घरी ठेवून यायचं.