मनगटावरचा दोरा

मंडळी, आज माझ्या आगाऊ तोंडामुळं एका पोरीचा हात मोडला.

सकाळी दाखला काढायला जुन्या शाळेत गेलतो. ऑफिस उघडलं नव्हतं, म्हणून सुतारकामाच्या वर्गात डोकावलो. भुशाचा वास अजून तसाच हाय.

नववीतली एक पोरगी ड्रिल मशीनवर फळीला भोक पाडणार होती. सर म्हणाले, "मनगटावरचा दोरा काढ आधी."

"जोतिबाचा हाय सर. आई काढू नको म्हणलीया."

मीच मधे बोललो, "राहू द्या की सर, देवाचा हाय. बाहीत खुपस गं." पोरं हसली. सरांनीही मग हट्ट सोडला.

दोन मिनिटांत तो जाड दोरा बाहीतून सुटला आणि फिरत्या ड्रिलला गुंडाळला. सरांनी बटण बंद करेपर्यंत मनगट पिळवटलं होतं.

दवाखान्यात तिची आई आली. प्लास्टर बघून रडत म्हणाली, "दोरा होता म्हणून हात तरी वाचला माझ्या लेकीचा."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली फरशीकडं.

नवा दोरा आणायला तिची आई उद्याच जोतिबाच्या डोंगरावर जाणार हाय. तिला खरं काय ते सांगायला पाहिजे. तुम्ही असता तर कसं सांगितलं असतं?