नोंदवहीतले चार दिवस

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, शाळेतल्या मैत्रिणींजवळ नाही, आईजवळ तर नाहीच — ती गेली तोवर माझ्याबद्दल तिचं मत चांगलंच होतं. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या आठवड्यात एका प्रशिक्षणात हॉलभर शिक्षकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि मला स्वतःची शिसारी आली, म्हणून असेल.

मी नागपुरात विज्ञान शिकवते. मुलांना गटात बसवून, त्यांच्याच प्रश्नातून प्रकल्प उभा करून शिकवायचं, यात माझं बरं नाव आहे. गट कसे पाडायचे, कामं कशी वाटायची, अंग चोरणाऱ्या मुलाला कामाला कसं लावायचं — हे मला विचारायला लोक येतात. मी छान बोलते. मुलांना चुकू द्या, म्हणते. वहीतला रिकामा चौकोन रिकामाच राहू द्या, म्हणते. आणि मग जरा थांबते, कारण थांबलं की लोक लिहून घेतात.

हे वाक्य मला कुठे सुचलं, ते एकानेही विचारलेलं नाही.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीचा वर्ग. मी मुलांना म्हटलं होतं, पुस्तकातला नको, तुमच्या घरातला प्रश्न आणा. एका मुलीने आणला. तिला इथे प्रणाली म्हणते; खरं नाव लिहायचं धाडस आजही नाही. ती कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राजवळून बसने यायची. वडील ठेकेदाराकडे कामाला. वर्गात फार बोलायची नाही, पण त्या दिवशी उभी राहून म्हणाली, "मॅडम, आमच्या इकडे दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घालता येत नाही. रोज किती राख पडत असेल?" काय प्रश्न होता! मी खूश झाले. खोटं कशाला सांगू, प्रश्नावर खूश झाले आणि माझ्यावर जास्त — बघा, माझ्या पद्धतीने मुलं कशी विचार करतात.

पाच जणांचा गट केला. प्रणालीच्या वस्तीतल्या एका गच्चीवर स्टीलची ताटं ठेवायची, दुसऱ्या दिवशी ब्रशने राख कागदावर घ्यायची आणि वजन करायचं. एका मुलाच्या मामाचं सोन्याचांदीचं दुकान होतं, तिथला जुना छोटा काटा मिळाला. प्रत्येकाच्या गळ्यात मी एक कार्ड अडकवलं होतं — प्रमुख, मोजणी, नोंद, चित्रं, सादरीकरण. कार्डाच्या मागे एक ओळ, "या कामाला मी जबाबदार आहे," आणि खाली मुलाची सही. ही माझी कल्पना. आजही प्रशिक्षणात लोक त्या कार्डांचे फोटो काढून नेतात. प्रणालीकडे नोंदीचं कार्ड होतं. तिने मागून घेतलं होतं.

तीन आठवडे मोजायचं होतं. मधेच अवकाळी पाऊस आला, चार दिवस. ताटं धुऊन निघाली. प्रणालीने वहीत चारही दिवसांपुढे पेन्सिलने लिहिलं — पाऊस. राख वाहून गेली. वजन नाही.

याहून चांगली नोंद कोणता वैज्ञानिक करेल, सांगा?

पण आमचा प्रकल्प प्रदर्शनाला निवडला गेला. मुख्याध्यापक दोनदा येऊन तक्ता पाहून गेले. आणि मला ती आलेखाची रेघ दिसायची — मधेच तुटलेली, दात पडल्यासारखी. बघणाऱ्याला वाटेल मुलांनी आळस केला. म्हणजे बाईंनी लक्ष दिलं नाही. शेजारच्या शाळेचे तक्ते छापून आलेले, गुळगुळीत. हे सगळं मी तेव्हा स्वतःला समजावलं होतं. आता समजावत नाही, फक्त सांगते आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी, मुलं खेळाच्या तासाला गेली असताना, मी प्रयोगशाळेत बसून खोडरबर घेतलं. चार ओळी पुसल्या. आजूबाजूचे आकडे पाहून चार आकडे लिहिले. तिच्या अक्षरात लिहिले. तिच्या सातचं पोट जरा मोठं असायचं — मी तसंच काढलं. मग आलेखाची रेघ जोडली.

जड गेलं नाही. मुलांच्या वह्या तपासून तपासून त्यांची अक्षरं आमच्या बोटांत बसलेली असतात.

सकाळी तिने वही उघडली आणि पाहिलं. माझ्याजवळ आली. "मॅडम, हे..." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "असू दे, आत्ता वेळ नाही." ती वही घेऊन जागेवर जाऊन उभी राहिली. म्हणजे तिला कळलं होतं. कळलं नव्हतं, अशी पळवाट मला नाही.

परीक्षक एक वयस्क गृहस्थ होते, निवृत्त इंजिनीअर. तक्ता बघितला, काटा बघितला, मुलांचं कौतुक केलं. मग वहीतल्या तारखांवर बोट ठेवलं. "या चार दिवशी तर पाऊस होता. मी तिकडेच कॉलनीत राहतो. ही राख कुठून आली?"

सादरीकरणवाली मुलगी गोंधळली. तिने प्रमुखाकडे पाहिलं, त्याने प्रणालीच्या गळ्यातल्या कार्डाकडे. आणि प्रणालीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने पाहिलं ते मी आता बोलेन म्हणून.

मी बोलले. "नोंदीचं काम हिच्याकडे होतं, सर."

या वाक्यात एक शब्द खोटा नाही. मी ते कितीतरी वेळा तपासून पाहिलं आहे.

त्यांनी वही मिटली. तिला हळूच म्हणाले, "बाळ, विज्ञानात असं करत नसतात." हळू म्हणाले, पण आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं. बक्षीस गेलं. परतीच्या बसमध्ये चौघं तिच्यावर तुटून पडले. "काहून लिहिलं वं तू मनानं? सगळ्यायची मेहनत वाया घालवली!" मी पुढच्या सीटवर होते. खिडकीबाहेर बघत होते. प्रकल्प संपल्यावर मुलं एकमेकांबद्दल चिठ्ठ्या लिहितात, हीसुद्धा माझीच पद्धत. चारही चिठ्ठ्यांत तिच्या नावापुढे एकच शब्द होता — खोटारडी. तिची स्वतःची चिठ्ठी कोरी होती. पुढच्या वर्षी तिने नोंदीचं कार्ड घेतलं नाही. चित्रांचं घेतलं, कडेला बसून तक्त्याच्या चौकटी रंगवायची. प्रश्न तिने पुन्हा कधी आणला नाही. दहावीनंतर कुठे गेली, मला माहीत नाही. शोधलं तर कळेल. शोधलेलं नाही.

वाईट वाटतंय ना वाचून? थांबा. हे मी कोणाला तरी सांगू शकले असते. घाबरले, तोंडातून निघून गेलं, असं काहीतरी म्हणत. जे सांगता आलं नाही ते वेगळं आहे.

प्रदर्शनानंतर तिसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. कामावर खाडा करून आले होते. चपला प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढल्या. मागे प्रणाली. मला वाटलं, तिने घरी सांगितलं. मी खुर्चीवरून उठले. आणि खरं सांगू? क्षणभर हायसंही वाटलं, की आता दुसरंच कोणी बोलेल, मला बोलावं लागणार नाही.

"मॅडम, पोरगी चुकली आमची," ते हात जोडून म्हणाले. "तुमी लेकरायसाठी एवढं करून राहिले, अन् हिनं तुमाले चार लोकांत खाली पाहाले लावलं. काहून केलं असं, इचारलं, तं बोलतच नाही. मार खाल्ला, पण बोलली नाही." मग तिच्याकडे वळले. "माफी माग मॅडमले."

तिने सांगितलं नव्हतं. मार खाऊनही नाही. तेरा वर्षांच्या मुलीने माझं नाव घेतलं नव्हतं.

खोलीत आम्ही तिघंच होतो. मुख्याध्यापक नव्हते, परीक्षक नव्हते, दुसरी मुलं नव्हती. बक्षीस तर गेलेलंच होतं. माझं जाण्यासारखं होतं तरी काय? त्या एका माणसाच्या जोडलेल्या हातांतला मान. तेवढासुद्धा मला सोडवला नाही.

"सॉरी मॅडम," प्रणाली म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "ठीक आहे. पुन्हा असं करायचं नाही."

तिने मान हलवली.